मी जाईन तो मंगळवार

सोलापुरात गंगव्वा कोण म्हणून विचारलंत तर कुणी सांगायचं नाही. घासलेटबाई कुठे राहतात म्हणा, टांगेवाला बरोब्बर दारात आणून सोडेल. आता गंमत अशी, की मी आयुष्यात घासलेटाचा थेंब विकलेला नाही. मी फक्त त्याचा भाव विचारत होते. तोही स्वतःसाठी नाही, सरकारसाठी.

संपादकांनी पत्रात लिहिलंय, नोकरीतले अनुभव पाठवा, पण तारीखवार नको. बरं झालं. तारीखवार जे होतं ते सर्व्हिस बुकात होतं, आणि ते बुक वाळवीनं माझ्या आधी वाचून संपवलं. माझ्याकडे राहिल्या आहेत त्या नुसत्या गोष्टी. त्यातली एक सांगते. ती सांगताना मला अजून हसू येतं.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई काहीतरीच बोलते. तेव्हा गिरणगावच्या चाळींत वीज नव्हती. घरोघर चिमणी नाहीतर कंदील, आणि त्यात घासलेट. सरकारला त्या दिवसांत कळून घ्यायचं होतं, की पेट्रोलियम कुठे काय भावानं विकतं आणि किती खपतं. पेट्रोलियम हा शब्द मी पहिल्यांदा फॉर्मावरच वाचला. म्हणजे जमिनीतून निघणारं तेल आणि त्याचा सगळा गोतावळा: घासलेट, मोटारीचं पेट्रोल, इंजिनाचं काळं तेल, वंगण. प्रत्येकाला एकेक रकाना. शेवटचा रकाना 'इतर'. त्याखाली बारीक अक्षरात सूचना, की रकाना रिकामा ठेवू नये. मला 'इतर' काही सापडायचं नाही, म्हणून मी एका घरातली ओठाला लावायची व्हॅसलिनची डबी लिहून टाकली. पुढे वर्षभर वरून विचारणा येत होती, की सोलापुरात त्या डबीचं पुढे काय झालं.

माझ्या आधी या कामावर एक पुरुष कारकून होता. तो भर दुपारी, पुरुष गिरणीत गेलेले असताना, चाळीत शिरला आणि बायकांना विचारू लागला, घरात घासलेट किती आहे, कुठे ठेवता, काड्यापेटी कुठे असते. तिसऱ्या घरात बायकांनी त्याला कोंडला. हा आग लावायला आलाय, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं असतं. पाळी सुटून पुरुष आले तेव्हा तो सुटला, आणि त्यानं त्याच दिवशी राजीनामा दिला. मग कचेरीनं ठरवलं, बाई पाहिजे. लिहिता येणारी, आणि सोलापुरातल्या सगळ्या भाषांत भाव विचारू शकणारी. किती, एष्टु, एंत, कित्ता. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी. या चार शब्दांवर मी म्हातारी होईपर्यंत पगार घेतला.

लिहायला मी शाळेत शिकले नाही. पुडीच्या कागदांवर शिकले. साखरेची पुडी सोडायची, कागद वाचायचा. त्यामुळे मला कितीतरी गोष्टींचा मधलाच भाग ठाऊक आहे.

आमचं घर तेल्याचं. सासऱ्यांचा करडईचा घाणा होता. घासलेट आलं, लोकांनी दिव्यातलं गोडं तेल बंद केलं, आणि पुढे बैल विकावा लागला. आमचे हे लवकर गेले. घरात सासरे आणि मी. नोकरीचं सांगितलं तेव्हा मामंजी भिंतीकडे बघत म्हणाले, "ज्या मातीच्या तेलानं आपला बैल खाल्ला, त्याचा भाव विचारत फिरणार तू?"

"फिरते," म्हटलं. "पगार आहे."

ते जरा वेळानं म्हणाले, "मग नीट विचार. आणि माप बघून घेत जा. भाव तोंडात असतो, लबाडी मापात."

नोकरी तीन-तीन महिन्यांची. काम पटलं तर पुढचे तीन महिने, नाहीतर घरी. कायम व्हायचं म्हणजे वही साफ पाहिजे.

मापाचं म्हणाल तर सरकारनं मला माप दिलं होतं. बाटली. कारण फॉर्मात 'बाटलीचा भाव' होता आणि सोलापुरात बाटली म्हणजे काहीही होतं. सोड्याची, खोकल्याच्या औषधाची, अत्तराचीसुद्धा. तेव्हा कचेरीनं एक नमुन्याची बाटली दिली. ती नेमकी विलायती दारूची निघाली, चिठ्ठीसकट. ती पिशवीत घालून विधवा बाई घरोघर फिरतेय म्हटल्यावर काय व्हायचं? आठ दिवसांत समाजाची चार वडीलधारी माणसं मामंजींना भेटायला आली. मामंजींनी बाटली पुढे ठेवली आणि म्हणाले, वास घेऊन बघा. घेतला. घासलेटाचाच आला. त्यातल्या एकानं तेवढ्यात विचारलं, हल्ली भाव काय चाललाय.

पेट्रोलचं काम कमी असायचं. गावात पेट्रोल ओढायचा पंप एकच, हातानं दांडा मारायचा. मोहोळला जाणारी सर्व्हिस मोटार तिथे थांबे. तिच्या ड्रायव्हरला विचारलं, पेट्रोल किती घालता, तर तो म्हणाला, "बाई, सुरू व्हायला पेट्रोल, चालायला घासलेट, आणि चढाला उतारू." तो चढ कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मला कुणी सांगितलं नाही. मी 'इतर'मध्ये लिहिला.

आता मूळ गोष्टीवर येते.

कचेरीचा नियम असा, की दुकान तेच, वार तोच, वेळ तीच. म्हणजे मागच्या आठवड्याशी ताडून बघता येतं. माझ्या वाट्याला चाळीच्या तोंडाशी असलेलं मल्लप्पाशेटचं दुकान आलं. वार मंगळवार, वेळ सकाळी दहा. आणखी एक नियम. भाव दुकानदाराच्या तोंडून निघाला पाहिजे आणि माझ्या कानात शिरला पाहिजे. गिऱ्हाइकानं सांगितलेला भाव चालायचा नाही. आमचे इन्स्पेक्टर जोगळेकर रावसाहेब म्हणायचे, "गिऱ्हाईक रडतंच. रडण्याला रकाना नाही."

मल्लप्पाशेट तसा सज्जन माणूस, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, पण सरकारला फार भ्यायचा. पहिल्या लढाईत सरकारनं घासलेटाचा भाव बांधून दिला होता तेव्हा एक पैसा जास्त घेतला म्हणून त्याला कचेरीत दिवसभर उभं केलं होतं. ते उभं राहणं त्याच्या गुडघ्यांत कायमचं बसलं होतं. मी पहिल्या मंगळवारी पिशवी घेऊन पायरीशी उभी राहिले आणि विचारलं, "शेटजी, घासलेट बाटली काय भाव?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "पाच पैसे, अव्वा."

मी पाच लिहिलं. माझ्या मागे सगुणाबाई उभी होती. ही मूळची कुंभारीकडची. नवऱ्याची नोकरी गिरणीत, सासू घरात विड्या वळायची. सासूची नजर अधू, त्यामुळे चिमणीत तेल असेल तोवर विड्या, तेल संपलं की हात थांबले. या घराला तेलाची किंमत ठाऊक होती. सगुणाबाई पुढे झाली.

"पाच? काल म्या सात दिलं की शेटजी."

"काल होतं."

"मग आज मला बी पाचानं द्या."

सरकार समोर उभं. शेटजी काय करणार? दिलं. सगुणाबाई माझ्याकडे असं बघून गेली, जणू ते दोन पैसे मीच खिशातून काढून दिले.

पुढच्या मंगळवारी माझ्या मागे पाच बायका बाटल्या घेऊन उभ्या होत्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी वीस. महिन्याभरात काय सांगू, मी चाळीच्या कोपऱ्यावर दिसले की हाकाटी व्हायची, "भाव आला, भाव आला," आणि बायका बाटल्या, कळशा, एकदा तर चहाची किटली घेऊन माझ्या मागे. मी पुढे, मागे बाटल्यांचा किणकिणाट. शेटजी पाच म्हणायचे, आणि मी तिथे उभी असेपर्यंत पाचच. मी वही मिटून वळले की सात. म्हणून बायका मला हलू द्यायच्या नाहीत. "बाई, जरा थांबा की, माझी जाऊ अजून याची हाय." "बाई, लिवताय नव्हं? सावकाश लिवा. अक्षर चांगलं येऊ द्या."

एका मंगळवारी मला हिवताप भरला. मी पडून होते. साडेनऊला सगुणाबाई आणि दोघीजणी हातगाडी घेऊन दारात.

"अगं, मला उभं राहवत नाही," म्हटलं.

"उबं कोण ऱ्हा म्हनतंय? तुमी निसतं बसा. इचारायचं आमी इचारतो."

"मीच विचारलं पाहिजे, नियम आहे."

"मग तेवढं इचारा आन् परत पडा."

मामंजींनीच मला दोन घोंगड्यांत गुंडाळलं. दुकानापुढे गाडी थांबली, मी दात वाजवत विचारलं, शेटजींनी हात जोडून पाच सांगितले आणि वर गुळाचा खडा दिला. त्या दिवशी मी तिथे दोन तास गाडीवर होते. ताप उतरला, पण गाडी काही कुणी हलवेना.

बातमी बाहेर गेली. कुंभारीहून एकानं निरोप धाडला, की बाईंनी आमच्याकडे एक मंगळवार काढावा, जेवायची सोय आहे.

मला हे खोटं आहे असं वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण बघा, शेटजी पाच म्हणत होता, मी माझ्या कानांनी ऐकत होते, आणि तो पाचाला विकतही होता. नियमाला धरून सगळं. आणि बायकांना तेल स्वस्त मिळत होतं. मी म्हटलं, चालू दे.

कचेरीत तर आनंदच होता. भाव उतरला आणि मंगळवारचा खप आभाळाला टेकला, असं आमच्या वहीवरून दिसत होतं. जोगळेकर रावसाहेबांना वरून शाबासकीचं पत्र आलं. मग दुसरं पत्र आलं, की मुंबई बंदरात उतरतं त्या भावापेक्षा सोलापुरात घासलेट स्वस्त कसं, खुलासा करावा. रावसाहेबांनी दोन दिवस विचार करून उत्तर पाठवलं, "सोलापूरचे लोक मुळात काटकसरी आहेत." ते उत्तर वर मान्य झालं.

आणि मग एक दिवस रावसाहेब मला म्हणाले, "गंगाबाई, तुमच्या वहीनं मालकांचं मोठं काम केलं."

"कुठल्या मालकांचं?"

तेव्हा कळलं. गिरणीचे कामगार दिवाबत्तीसाठी भत्ता मागत होते. मालक म्हणाले, सरकारी वहीत बाटली सात पैशांना गेलेली दिसली तर महिना चार आणे देऊ. वहीत पाच दिसतात, तेव्हा प्रश्नच मिटला. पंधरा दिवसांनी पुण्याहून मोठे साहेब वही तपासायला येणार आणि शिक्का मारणार, की झालं.

म्हणजे मी पाच-पाच लिहून ज्यांना तेल पाजत होते, त्यांचाच भत्ता खात होते.

मी नळावर जाऊन बायकांना सांगितलं. सगळं समजावलं. मंगळवारी दोन पैसे वाचतात, पण भत्ता मिळाला तर महिन्याच्या तेलाचे निम्म्याहून जास्त सुटतात. सगुणाबाईनं कळशी खाली ठेवली.

"मग असं करा बाई. मंगळवारचं पाच हाय ते ऱ्हाऊ द्या, आन् वहीत सात लिवा."

"तसं लिहिता येत नाही."

"का येत न्हाय? शाई सरकारचीच हाय की."

"शाई सरकारची, पण कान माझा. कानानं ऐकलं तेच लिहायचं."

"मग सात ऐकायला जावा. बुधवारी जावा."

एवढं सोपं होतं, आणि मला सुचलं नव्हतं. बुधवारी गेले. शेटजी म्हणाला, पाच. गुरुवारी गेले, पाच. शनिवारी ओळखीच्या मोमीनबाईंचा बुरखा मागून घेऊन गेले आणि दखनीत "कित्ते को दिये" विचारलं. शेटजी म्हणाला, "तुमच्यासाठी पाचच, अव्वा. ताप गेला का?" म्हणजे वाराचा काही संबंधच नव्हता. मी जाईन तो मंगळवार.

शेवटी मी त्याला सरळच म्हटलं, "शेटजी, सगळ्यांना सात घेता, मला एकदा सात म्हणा. मी तुमच्यावर काही येऊ देणार नाही."

"मी कुठे सात घेतो? कोण म्हणतं?"

"तुम्ही घेता. चाळ सांगते."

त्यानं तराजूची साखळी उगाच सरळ केली. "अव्वा, खरा भाव सांगणाऱ्याचं सरकार काय करतं ते माझ्या गुडघ्यांना विचार. तू चांगली आहेस. तुझ्या मागे जे उभे असतात ते मला दिसत नाहीत, पण असतात."

त्याचंही खरं होतं.

मोठे साहेब आले. उंच, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलायला फार गोड. त्यांच्यापुढे रावसाहेबांनी माझी वही ठेवली. मी मनात म्हटलं, गंगव्वा, नोकरी जाते तर जाऊ दे. पुढे झाले आणि सांगितलं, "साहेब, हा भाव खरा आहे, पण खोटा आहे."

रावसाहेबांचा चेहरा करडईच्या पेंडीसारखा झाला. साहेब मात्र खुर्चीत पुढे सरकले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, हातगाडीसकट.

"म्हणजे तुम्ही गेलात की भाव बदलतो?"

"हो."

"आणि मी गेलो तर?"

"तुम्ही गेलात तर आणखी उतरेल, साहेब. तुम्हाला टोपी आहे."

साहेबांना जेवढा आनंद झाला तेवढा भावामुळे कुणाला झालेला मी बघितला नाही. ते म्हणाले, "मग आपण तिथे नसताना तो भाव आपल्या कानांनी ऐकला पाहिजे. ऐकायचं, पण नसायचं. कसं करायचं?"

मी म्हटलं, "पिठाची गिरणी आहे."

मल्लप्पाशेटच्या दुकानाला लागून चांदभाईची पिठाची गिरणी. मध्ये भिंत नाही, नुसत्या फळ्या. मागच्या बोळातून शिरायला दार. ठरलं. बुधवारी सकाळी आम्ही गिरणीत लपायचं, सगुणाबाईनं दुकानात जायचं, भाव विचारायचा. मी तिला आदल्या दिवशी तीनतीनदा पढवलं. मोठ्यानं विचार. त्याच्याकडून मोठ्यानं वदवून घे. ऐकू नाही आलं तर पुन्हा विचार. आमच्या बाजूला बघू नको.

"एवढंच नव्हं?"

"एवढंच."

"मग त्यात काय. रोजचंच हाय की."

बुधवारी साहेब, रावसाहेब आणि मी बोळातून आत गेलो. तिथे इंजिन असं धडधडत होतं, की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. दळणाच्या बायकांनी साहेबांना बघून डबे जवळ ओढले. मी चांदभाईच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"बंद करतूं," चांदभाई म्हणाला, "पन पाच मिनट. बादमें बायकां मेरेकू पीस डालतीं."

पट्टा सुटला, इंजिन थांबलं, आणि हवेतलं पीठ सावकाश खाली यायला लागलं. साहेबांच्या कोटावर, टोपीवर, मिशीवर. आम्ही तिघं फळ्यांना कान लावून उभे. दळणाच्या बायकाही उठून उभ्या राहिल्या. काय ऐकायचंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनीही कान लावले.

पलीकडून सगुणाबाईचा आवाज आला. छान खणखणीत.

"शेटजी, घासलेट कशी बाटली?"

"सात पैसे."

साहेबांनी लिहिलं. मी डोळे मिटले. सिद्धरामा, झालं, म्हटलं. चाळीचे चार आणे झाले.

आणि मग पलीकडून आलं, "सात? लई झालं."

मी डोळे उघडले.

"लई तर लई," शेटजी म्हणाला.

"पल्याडच्या गल्लीत सा हाय."

"मग तिकडं जा."

"जाते की. रोजची गिऱ्हाईक हाय, म्हनून आले. बाकी तुमची मर्जी." चपला दोन पावलं वाजल्या. थांबल्या.

मी फळीवर नख घासलं. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बरं, साडेसहा दे."

"साडेसा कसलं, अर्दा पैसा कोण सांबाळत बसतंय. सा घ्या आन् बाटली भरा."

"तुझ्या तोंडाला लागायचं म्हणजे..." माप भरल्याचा आवाज आला. "घे. कुणाला सांगू नकोस."

आणि सगुणाबाई, मी पढवलं होतं तश्शी, मोठ्यानं म्हणाली, "काय म्हनला शेटजी? ऐकू न्हाय आलं. किती?"

"सहा, सहा. सहा म्हटलं ना."

ती तिची बाटली घेऊन निघून गेली. चालण्यावरून कळत होतं, की खुशीत आहे.

आता मला सांगा, मी तिला सगळं सांगितलं होतं, एवढं एकच सांगायचं राहिलं. घासाघीस करू नको. पण बाईला बाजारात पाठवताना हे कुणी सांगतं का? श्वास घेऊ नको म्हणून सांगण्यातलंच ते.

साहेबांनी चष्म्यावरचं पीठ पुसलं आणि वहीवर गणित मांडलं. मंगळवारचे पाच, बुधवारचे सात. सरासरी सहा. आणि प्रत्यक्ष विक्री झाली तीही सहालाच. ते रावसाहेबांना म्हणाले, "जोगळेकर, गणितानं जे सांगितलं तेच बाजारानं सांगितलं. असा पुरावा मी आजवर पाहिला नाही."

मी म्हटलं, "साहेब, सहाला या गावात आजवर कुणी घेतलं नाही. ती पहिलीच."

"व्यवहार झाला तो भाव, बाई."

"बाकीच्या सगळ्या सात देतात."

"ते तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंत का?"

नियम माझाच होता. चांदभाईनं पट्टा चढवला.

वहीत सहा लागले. भत्ता गेला, निदान पुढच्या तपासणीपर्यंत. मल्लप्पाशेटला कुठून तरी कळलं, की सरकारनं भाव सहा ठरवलाय. तेव्हापासून तो मंगळवारी मला सहा सांगू लागला, म्हणजे तो स्वस्तातला मंगळवारही गेला. माझ्या मागची मिरवणूक मोडली. आणि माझी नोकरी? ती कायम झाली. सरासरी काढायची म्हणजे दोन भाव हवेत, दोन भाव म्हणजे दोन वार, तेव्हा साहेबांनी लेखी हुकूम काढला, की सदर बाईंनी मंगळवारी दुकानात उभं राहावं आणि बुधवारी पिठाच्या गिरणीत. हुकमाचा कागद मामंजींनी देवापाशी ठेवला. मला तिकडे बघवत नव्हतं.

चाळीतल्या बायका सगुणाबाईला फार काही बोलल्या नाहीत. एकीनं नळावर एवढंच म्हटलं, "एक पैसा वाचवलास बया." पण तेच फार झालं. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती सासूला पानं कापून देत होती.

"मीच सांगायला हवं होतं गं तुला."

"न्हाय बाई." कात्री चालूच होती. "तुमी सांगितलं असतं तरी म्या केली असती. जिबंला सवयच हाय. त्यो सात म्हनला की माज्या तोंडातनं आपसूक निघतंय." पुढचं पान ओढून म्हणाली, "तुमचं कायम झालं म्हनं. ब्येस झालं."

ती मनापासून म्हणाली. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

सगुणाबाई आता एवढ्यात त्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं मला वाटलं होतं. पण बुधवारी मी गिरणीत फळीला कान लावून उभी राहायचे, चांदभाई पाच मिनिटं इंजिन बंद करायचा, आणि नेमक्या त्या पाच मिनिटांत ती दुकानात यायची. आठवडाभराचं तेल तेव्हाच न्यायची. पहिल्या बुधवारी तिनं भाव विचारला, शेटजी सात म्हणाला, तिनं मुकाट्यानं सात ठेवले. दुसऱ्या बुधवारी तसंच. तिसऱ्या बुधवारी शेटजीलाच करमेना.

"काय गं, आजारी आहेस का? बोलत नाहीस, भांडत नाहीस."

"काय भांडू? सात हाय नव्हं?"

"बरं, तू सहा दे. जुनी गिऱ्हाईक आहेस."

माझ्या बाजूला दळणाच्या बायकांनीही फळ्यांना कान लावले.

"न्हाय," सगुणाबाई म्हणाली. "सातच घ्या. आन् किती घेतलं ते मोठ्यानं म्हना."

"सात," शेटजी म्हणाला.

"आनखी मोठ्यानं."

"सात, बाई, सात."

मग पलीकडे गल्ल्याच्या फळीवर पैसे ठेवल्याचा आवाज आला, एकेक, सावकाश, मला ऐकू जाईल असा. मी पिठानं माखलेल्या बोटांनी वही उघडली आणि सात लिहिले.